दुकानाले सुतक

वसंतानं आज मले साडी दिली अन् दुकानाची चावी घेतली. वरून म्हणते, आत्या, गावच्या लेकीले रिकाम्या हातानं धाडू नये. (विधवेची ओटी भरत नाहीत, म्हणून नारळ निस्ता हातात ठेवला.) कुठं धाडून राहिला, थे मात्र बोलला नाही.

चि. उन्मेषले तुह्या आईचा आशीर्वाद. सूनबाई अदिती अन् माही नात नूपुर बऱ्या असतील. तुही कंबर कशी आहे? माहे गुडघे जाग्यावर आहेत, गावाचं डोकं नाही. फोन केला नाही, कारण फोनवर तुहं ‘हो आई, हो आई’ चालू राहते अन् ध्यान टीव्हीत.

मधुकररावांचं दुकान बंद झालं तवापासून माचिसीलेबी एसटीनं जा लागे, थे तुले ठाऊक आहे. म्हणून औंदा गावानं ठरवलं, घरोघरचा हिस्सा टाकून आपलंच दुकान काढू. मीबी पदराची गाठ सोडली. त हिस्से गोळा करणारा वसंत म्हणे, तू गावची लेक, लेकीचं घेतलं त माहेराले पाप लागते. तुहा बाप गेला तवा तुले कडेवर घेऊन आली, थे इथंच आहो. माहेरपणाले आलेली बाई म्हातारी होईतोवर राहते का कुठं? माह्या हातचा चहा पेताना वसंताले पाप लागलं नाही, दुसरा कपबी मागितला.

दुकान उघडलं. एकेक घर पाळीनं बसे. ज्याची पाळी त्याच्याच घरचे आत, गिऱ्हाईक बाहेर. अन् मग केशवदादा गेला. गाव सारं एका कुळाचं, म्हणून साऱ्यांवर दहा दिवसांचं सुतक. इथं शहाणपण उतू गेलं. बैठकीत ठरलं, मालक सारे सुतकी, त दुकानालेबी सुतक. शटर पाडलं. साबणाले सुतक लागते का, यावर म्हातारे दुपारभर भांडले. पार्वतीबाई म्हणे, साबणाले कायचं सुतक, त्यानंच त आपण धुऊन निघतो. तिले गप बसवलं.

तेवढ्यात केशवदादाच्या घरी भेटाले पाहुण्यांच्या गाड्या उतरल्या अन् चहापत्ती संपली. मग वसंताले माहं कुळ आठवलं. चावी घेऊन दारात. आत्या, तुले त दुसऱ्या घरी दिलं, तुह्यावर निस्तं आंघोळीपुरतं सुतक, तू उघड ना वं. म्हणजे हिस्सा घेताना मी गावची लेक, अन् गल्ल्यावर बसाले परक्या घरची.

उघडलं. सारे पायरीखाली उभे, मी वर. सामान वरून सोडो, सुतकी हात मले शिवू नये म्हणून. वसंताले पत्ती देताना तराजू आधी पुसला, मग पुन्हा पुसला. बाया माल घेऊन तिथंच बसत. संध्याकाळी शटर ओढताना कोणीतरी विचारे, आत्याबाई, उद्या कवा उघडतं वं? इतक्या वर्षांत मले उद्याचं कोणी विचारलं नव्हतं. (रडून नाही राहिली, सांगून राहिली.)

आज दहावं झालं. गाव शुद्ध झालं, मी परकी झाली. म्हटलं, आता तरी हिस्सा घ्या. त साडी भेटली. रंग असा, का नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवरबी कोणी हात लावणार नाही.

तुही आई,
शामला

ता. क. तू रविवारी गाडी घेऊन मले कायमचं न्याले येतो म्हणाला होता. येऊ नको. लिफ्टमंदी माहा जीव घाबरते.

आणखी एक. बोचकं मात्र बांधून ठेवलं आहे. खोली तयार आहे म्हणून तू सांगतं, सूनबाई त्यावर काही बोलली नाही. मले राहाले बोलावून राहिले का पाहुणी म्हणून, थे पहिले समजू दे. एका गावात जन्मभर पाहुणी राहिली, आता दुसरीकडं पहिल्यापासून सुरू कराचं वय नाही. तू त होच म्हणशील, तुले कोणाले नाही म्हणता येत नाही. म्हणून उत्तर अदितीनं लिहावं, तिच्या हातानं, अन् लिहिताना तू घराबाहेर जावं.