टॉवरमागचा सूर्य

२ डिसेंबर
उठलोच नाही! डोळे टक्क उघडे — तरी नाही. समोर टॉवर झाल्यापासून हा तिसरा हिवाळा. सूर्य दक्षिणेला कलला की दिवसभर त्याच्यामागेच. परळच्या या दोन खोल्यांत दुपारीही दिवा लागतो.

४ डिसेंबर
शाळेच्या कवितांतला हिवाळा केवढा देखणा! दवबिंदू, शेकोटी, गुलाबी थंडी. आज एक म्हणायला घेतली. दोन ओळींवर थांबलो. पुढचं आठवत होतं — म्हणावंसंच वाटेना. याची भीती वाटली.

७ डिसेंबर
चिंतामणी आला होता. शाळासोबती, जीभ अजून तशीच. "थंडीत उदास? लेका, इथे स्वेटर कपाटातून निघत नाही. तू काय रशियात राहतोस?" हसलो. खरंच, मुंबईत थंडी म्हणजे चैन. लोक वर्षभर वाट बघतात. माझंच काही बिनसलंय.

८ डिसेंबर
दाढी राहिली. राहू दे.

१३ डिसेंबर
मनवाचा ठाण्याहून फोन. लेक आहे, पण धाक आईसारखा. "बाबा, मागच्या डिसेंबरातही हेच! होळीला ठणठणीत झालात. मनाच्या डॉक्टरांकडे जा." ललिता फोडणी देता देता म्हणाली, "अहो, वेड लागायला आधी डोकं असावं लागतं. काही नको जायला." मी हसलो. ती हसली नाही.

१७ डिसेंबर
संध्याकाळी मनात आलं — आपण नसलो तर कुणाचं काय अडेल? हे तोंडातून निघूनही गेलं. ललिताच्या हातातली निवडायची मेथी तशीच राहिली. "असं बोलायचं नाही हो," एवढंच. मग मेथी बाजूला सारत, "उद्या जाऊ. मीही येते."

१८ डिसेंबर
डॉक्टरबाई मनवाच्याच वयाच्या. सगळं ऐकून घेतलं. "काका, हा आळस नाही, आजार आहे. हिवाळ्यात उजेड कमी पडला की काहींचं मन असं मिटतं. गोळ्या देते. रोज सकाळी मैदानात उन्हाला बसायचं. आणि कालसारखं — नसण्याचं — मनात आलं, तर लपवायचं नाही. लगेच फोन." किती दिवसांनी कुणी मला हसलं नाही!
पुढचं आज लिहवत नाही.

१९ डिसेंबर
काल निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "काकू, आता यांना तुम्ही सांभाळा."
ललिता खुर्चीतून उठेना. पदर तोंडाशी धरलेला.
"माझंही लिहून घ्या," म्हणाली. "यांच्यासारखंच होतं. घरात एकाने तरी उठायला हवं, म्हणून उठते."