अकरा माणसांचा गारवा

४ एप्रिल

अकरा! ह्यांनी चक्क अकरा माणसं सांगितली. आणि मी पुढ्यात चहाचा कप धरून उभी.

अख्ख्या घराला एकच थंडाव्याचं मशीन बसवायचं ठरलंय, म्हणून मापवाल्या बाई आल्या होत्या. बाई फटकळ, पण कामाला चोख. भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, ऊन कुठून येतं ते विचारलं. मग म्हणाल्या, घरात माणसं किती? माणूस नुसता बसला तरी शंभराच्या बल्बएवढी उष्णता टाकतो म्हणे, तीही धरावी लागते.

आम्ही दोघं! थोरला बायको-पोरांसकट समुद्रापलीकडे, लेक भलत्याच गावी. पण हे लागले बोटांवर मोजायला – थोरला, सून, दोन नातवंडं, लेक, जावई, त्यांची छकुली, वन्सं... वर ‘येणारं-जाणारं एक’! बाईंनी निमूट लिहून घेतलं. परक्या बाईसमोर काय भांडायचं!

१९ एप्रिल

बसलं एकदाचं. मशीन कसलं, हत्ती आहे!

छताखालून डक्ट फिरवलेत, म्हणजे हवा नेणारे पत्र्याचे बोगदे. माळ्याचं दार आता उघडतच नाही. थोरल्याच्या खोलीला सगळ्यात रुंद डक्ट, कारण तिथे चार माणसं. लेकीच्या खोलीला त्याखालोखाल. आमच्या वाट्याला उरलासुरला अरुंद. दोनच माणसं ना!

२१ एप्रिल

आमच्या डक्टमधून शिट्टी वाजते. हे म्हणतात, कानावर उशी घे.

२५ एप्रिल

आता कळलं काय होतंय. घर किती गार झालं हे बघणारी डबी थोरल्याच्या खोलीबाहेर लावलीय. त्या दोन रिकाम्या खोल्या बघता बघता गारठतात, डबीला वाटतं झालं काम, की मशीन बंद. थोड्या वेळानं पुन्हा चालू, पुन्हा बंद. घाईच्या पाहुण्यासारखं – टेकलं न टेकलं तोच उठलं! आमच्या खोलीपर्यंत गारवा पोचतोय कशाला? आणि असं उठबस करणारं मशीन हवेतला ओलावाही ओढत नाही. मिठाचे गोळे झालेत. ह्यांचा पेपर लिबलिबीत.

रिकाम्या खोल्यांत हिवाळा, मधल्या बोळात पावसाळा, आणि आमच्या नशिबी उन्हाळा. टॉवेलांना कुबट वास मारतोय, आज सगळे परत धुवायला टाकले.

२ मे

बाईंना बोलावलं. त्यांनी सगळं तपासलं. मशीन ठीक, डक्ट ठीक, हिशेबही ठीक. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “काका, बाकीची माणसं कुठायत?”

“येतील.”

बाई म्हणाल्या, मग एक तर माणसं आणा, नाहीतर हे उतरवून दोघांपुरतं छोटं बसवा, त्या खोल्यांचे डक्ट बारीक करा. ‘उतरवा’ म्हटल्याबरोबर हे ताडकन उठून बाहेर गेले. थोरल्याच्या खोलीचा डक्ट बारीक करायचा म्हणजे काय, हे त्या बाईंना कुठून कळणार.

३ मे

ह्यांनी माणसं आणली!

सकाळच्या फिरण्यातले सात म्हातारे. थोरल्याच्या खोलीत ओळीनं बसवले. मशीन एकदा लागलं ते बंद व्हायचं नाव नाही. आमची खोली पहिल्यांदा गार झाली. मी दार लावून मस्त झोपले! उठून बघते तर सातही जण शिंकताहेत. उद्या येता का म्हटल्यावर प्रत्येकाला काही ना काही काम निघालं.

५ मे

शंभराच्या बल्बचं ते वाक्य ह्यांच्या डोक्यात घर करून बसलंय.

बाजार पालथा घालून ह्यांनी जुने तारेचे, तापणारे बल्ब शोधून आणले. थोरल्याच्या खोलीत चार टांगले. लेकीच्या खोलीत तीन. वन्संना अडगळीच्या खोलीत लावलं (माझी हरकत नाही). येणारं-जाणारं ड्रॉवरमध्ये, राखीव.

मी पदर तोंडाला लावून हसत होते. आणि मेलं चाललं की! हवा कोरडी, आमची खोली गार. वेड्यांच्या बाजारात आम्ही दोघं सुखी.

९ मे

सकाळी दूध तापवत होते. आतून हे ओरडले, “अगं, जावई गेला!” पातेलं हातातून सुटलं. बल्ब उडाला होता.

पातेलं घासून होतंय तोवर पुढची वर्दी – सून लुकलुकतेय.

१४ मे

थोरल्याचा फोन आला. तिकडे घर घेतलंय, कायमचं. “आई, बाबांना तूच सांग.” व्वा! गोड बोलायला बाप, कडू सांगायला आई.

सांगायला गेले तर हे स्टुलावर चढून त्याचा बल्ब पुसत होते. मी स्टूल धरून उभी राहिले. पुसून झालं, मग आम्ही जेवायला बसलो.

१५ मे

नाही सांगितलं.

१७ मे

सांगितलं. नको तसं सांगितलं.

ह्यांच्या मनात आलं, नातवंडं लहान आहेत, त्यांना शंभराचे जास्त होतात. साठचे घेऊन आले. स्टुलावरून मला म्हणाले, मोठी झाली की परत शंभराचे लावू. माझ्या डोक्यात सणक गेली.

“ती इथे मोठी होणार नाहीत. घर घेतलंय त्यांनी तिकडे.”

हे खाली उतरले. एकेक बटण बंद केलं, चारही. थोड्या वेळानं मशीन थांबलं, शिट्टी थांबली. दोघंही गादीवर घामाघूम पडून होतो. मी खूप रडले. हे म्हणाले, साठचे बल्ब दुकानदार परत घेईल का ते उद्या विचारतो.

२० मे

ह्यांनी आपणहून बाईंना फोन केला. “दोन धरा.” बाईंनी पुन्हा विचारलं असावं. हे म्हणाले, “हो, दोनच.”

६ जून

छोटं मशीन बसलं. आमचा डक्ट रुंद झाला, बाकीचे बारीक. शिट्टी नाही. मीठ मोकळं, टॉवेल कोरडे, माळ्याचं दारही उघडतं. मला आनंद व्हायला हवा होता.

ह्यांनी बल्ब कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलेत. टाकू देत नाहीत.

२१ जून

थोरल्याचा फोन आला. नव्या घरात मशीन बसवलंय, पण लागलं न लागलं तोच बंद होतं, टॉवेल वाळत नाहीत, काय करू? मी विचारलं, माप घेताना माणसं किती सांगितलीस? तो म्हणाला, सहा.

ते चौघंच आहेत.

शेजारी कान लावून बसलेल्या ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, “शंभराचे दोन लाव.”