शिरूरच्या पोरांना कॉफी लागत नाही

६ जानेवारी, सोमवार
प्रोजेक्टचा विषय मिळाला : कॉफीचा विद्यार्थ्यांच्या झोपेवर होणारा परिणाम. पार्टनर धनश्री. दौंडची आहे, वर्गात पहिली येते, पण स्वभावानं बरी. पंधरा दिवसांत दौंडच्या कॉलेजात स्पर्धा. पहिला नंबर माझाच. आबांना फोन करून सांगूनही टाकलं. आबा म्हणाले, आधी सुरू तर कर. वडलांच्या पिढीला व्हिजन नाही.

७ जानेवारी
सॅम्पल ठरलं : आमच्या शिरूरच्या रूमवरची सगळी पोरं. नमुना क्रमांक एक मी स्वतः. कॉफी घरमालकीण पुतळाबाई मावशी करणार. चाखून बघितली. म्हशीचं घट्ट दूध, साखर सढळ हातानं, वरून भरपूर जायफळ किसून. अहाहा! धनश्रीनं विचारलं, जायफळ कशाला? वासाला, म्हटलं. ही पोरगी फार बारीकसारीक गोष्टींत अडकते.
रात्रभर जागणार आहोतच, तर स्टॅटिस्टिक्सचा बॅकलॉगही उरकून टाकतो.

८ जानेवारी, सकाळी ११
आत्ता उठलो. प्रॅक्टिकल बुडालं. रूममेट हनुमंत अजून घोरतोय. थंडी फार पडलीय यंदा.

१० जानेवारी
डोस वाढवला. मावशी खूश, म्हणाल्या, पोरं अंग धराय लागली बघा. पोरांनी कप चाटूनपुसून रिकामा करावा म्हणून जायफळही वाढवायला सांगितलं. संशोधकाला सगळीकडं लक्ष द्यावं लागतं.
दुपारी हनुमंत मेसमध्ये ताटावरच पेंगला. तिथंच डोक्यात ट्यूब पेटली. शिरूरच्या पोरांना कॉफी लागतच नाही, कितीही प्या, झोप येतेच! घोडनदीच्या पाण्याचा गुण, दुसरं काय? जगात कुणाला सुचलं नसेल.
बॅकलॉग उद्यापासून. नक्की.

१२ जानेवारी
धनश्री म्हणते, घोडनदी राहू दे, बिनजायफळाची कॉफी देऊन बघू. होस्टेलच्या मुली तयार आहेत. मी म्हटलं, माझ्या शोधात घोळ नको, तू तुझं वेगळं पोस्टर लाव. सरांनी परवानगी दिली. तिनं माझा डेटा मागितला. दिला, मोठ्या मनानं. बिचारी कुठं पोचणार तेवढ्यावर!

१५ जानेवारी
संक्रांतीला गावी, कवठे येमाईला जाऊन आलो. आबांनी डेअरीवर सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमचा विश्वजीत शास्त्रज्ञ व्हायला लागलाय. ते स्वतः दौंडला येणार आहेत. नवी टोपीही आणलीय. माझ्या दहावीच्या निकालालाही आबा गोठा सोडून आले नव्हते. आता काही झालं तरी हरायचं नाही.

२० जानेवारी, सकाळी ९, दौंड
पोचलो. पोस्टर झकास. धनश्रीचं शेजारीच लागलंय; वाचायला वेळ नाही. परीक्षकांना प्रत्यक्ष पाजायला मावशींची कॉफी थर्मास भरून आणलीय. आबा पहिल्या रांगेत, टोपी कडक. धीर यावा म्हणून एक कप घेतला. आणखी एक घेतो.

२१ जानेवारी
कालचं बरंचसं ऐकीव आहे. माझं नाव तीनदा पुकारलं म्हणे. मी पोस्टरखाली खुर्चीत होतो, मान खाली, तोंड उघडं. आबांनी टोपीनं हलवलं तेव्हा कुठं डोळे उघडले. समोर परीक्षक मॅडम. त्यांनी धनश्रीचं पोस्टर वाचलं : ‘कॉफीतल्या जायफळाचा झोपेवर परिणाम’. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि धनश्रीला म्हणाल्या, व्वा, प्रात्यक्षिक फार छान ठेवलंय.
पहिला नंबर धनश्रीचा. तिच्या पोस्टरवर माझाही उल्लेख आहे. नमुना क्रमांक एक.
एस.टी.त आबांकडं बघायची हिंमत होईना. बघितलं, तर ते टोपी तोंडाला लावून हसत होते. म्हणाले, लहानपणी तू लई रडायचास, तवा तुझी आई जायफळच उगाळून द्यायची की रं! म्हटलं, आता डेअरीवर काय सांगणार? तर म्हणाले, खरं तेच. पहिल्या नंबराच्या प्रोजेक्टात आमचा पोरगा व्हता.

२२ जानेवारी
काल लाजेनं कॉफी घेतली नाही. डोळ्याला डोळा लागला नाही. बॅकलॉगचं पुस्तकही उघडलं नाही.
मावशींना सांगितलंय, आज एक कप पाठवा. जायफळ नेहमीसारखंच.