जनावरांच्या दवाखान्यात, मे महिना

२ मे १९७९, बुधवार

लाथ बसली! म्हशीची. मांडीवर हिरवानिळा डाग उठलाय आणि मी एवढी खूश, की अव्वाला वाटलं आपल्या लेकीला ऊन लागलं.

आज पहिलाच दिवस. आमच्या कॉलेजातल्या बायॉलॉजीच्या सरांनी चिठ्ठी दिली होती. डॉ. प्रभंजन यांनी ती न वाचताच खिशात घातली. म्हणाले, "महिनाभर नुसतं बघायचं. जनावराच्या मागून जायचं नाही." मी मागूनच गेले. कंपाउंडर महादेव हसून हसून बेजार.

३ मे

शेण, फिनेल, आयोडीन. हा वास केसांतून जात नाही. न जाऊ दे!

५ मे

अब्रू गेली. डॉक्टर तपासतात, मी वहीत टिपून घेते. लिहिलं होतं – "लक्कव्वाचा बैल, काल सुजलाय." दुपारी डॉक्टर वही बघून म्हणतात, "काल सुजला, मग आज उतरला का?" मी म्हटलं, नाही हो, काल म्हणजे पाय! लक्कव्वा कन्नडमध्ये "कालु, कालु" करत होती, हाताने तेच उतरवून घेतलं. घरी मराठी, गल्लीत कन्नड – डोक्यात दोन्हीची भाजी झालीये. डॉक्टर म्हणाले, "उद्या 'करू' लिहिशील, तर मी काय समजायचं? वासरू, की काहीतरी करायचंय?" महादेव आता मला बघितलं की "काल आली का आज?" विचारतो. शहाणा!

८ मे

अप्पांशी फॉर्मबद्दल बोलले. म्हणजे बोलायला सुरुवात केली.

बेंगळूरला जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे. फॉर्म एकतीस तारखेपर्यंत टपालात टाकायचा, आणि पालकाची सही नसेल तर घेतच नाहीत. अप्पा वर्कशॉपमधून आले, हात धुतले, फॉर्म वाचला. पूर्ण वाचला. मग घडी घालून बुद्धांच्या फोटोमागे ठेवला.

"छप्पन्न साली दीक्षा घेतली तवा मेलेली ढोरं वडायचं सोडलं आमी. उपाशी राहिलो, पण सोडलं. आनि तू परत तिथंच जातीस?"

मी म्हटलं, अप्पा, मी जिवंत जनावरं बरी करणार. मेलेल्याला हातसुद्धा लावणार नाही.

"शबूद देतीस?"

दिला. त्यावर महिना पुरा करायची परवानगी मिळाली. सही नाही मिळाली.

१४ मे

आज जे झालं ते आधी लिहिते, जेवण नंतर!

कलघटगीकडच्या एका वस्तीवर गाय अडली होती. वासराचा एक पाय आत दुमडलेला. डॉक्टरांचा हात जाडजूड, पुढे जाईना. त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं. "साबण लाव. कोपरापर्यंत." मी! नुसतं बघायला आलेली मी! "खूर मुठीत झाकून घे, गाईची पिशवी आतून फाटायला नको. घाई नाही." गाय कण्हली की माझा हात आवळून निघत होता. रडायलाच आले होते. मग बोटांना खूर लागलं. मऊ, गरम, अजून जगात न आलेलं! मुठीत धरलं, वळवलं, पाय सरळ झाला. बाकीचं डॉक्टर आणि महादेवने ओढून काढलं.

कालवड. पाचव्या मिनिटाला उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. परत येताना जीपमध्ये मी सारखी मूठ उघडून मिटून बघत होते. महादेवने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून.

हेच करायचं. दुसरं काहीही नाही.

१९ मे

शब्द मोडला.

एका गावात सत्याप्पा नावाच्या शेतकऱ्याचा बैल मेला होता. आम्ही पोचलो तर भांडण पेटलेलं. सत्याप्पा म्हणत होता, केरीतल्या दुर्गव्वाने विष घातलं. केरी म्हणजे आमच्यासारख्यांची वस्ती. म्हातारी परवा गोठ्याजवळ शेण गोळा करत होती, एवढाच पुरावा. ती झाडाखाली पदर तोंडात धरून उभी होती आणि चार माणसं तिला हलू देत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, बैल उघडून बघू. सत्याप्पा म्हणाला, थांबा, कापायला केरीतली माणसं बोलावतो. "कशाला? मी आहे की," म्हणत डॉक्टरांनी गमबूट चढवले. ब्राह्मण माणूस! सगळे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघायचंय, की हात घालायचाय?"

अप्पा आठवले. दुर्गव्वा समोर होती. मी हातमोजे घातले.

बैलाच्या चार पोटांतलं दुसरं आतून मधाच्या पोळ्यासारखं असतं. त्यातून माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. तार! चार बोटं लांब, गंजलेली, चाऱ्यातून गेलेली, पोट भेदून थेट काळजात. तेव्हा सत्याप्पा कबूल झाला की बैल पंधरा दिवस धड खात नव्हता. डॉक्टरांनी तार सगळ्यांना दाखवली, रिपोर्ट मला लिहायला सांगितला आणि कन्नडमध्ये मोठ्याने वाचला. माणसं पांगली. दुर्गव्वा घरी गेली.

घरी येऊन आंघोळ केली आणि अप्पांना सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, पण नाही लपवलं. ते ताटावरून उठले.

२३ मे

अप्पा बोलत नाहीत. अव्वामार्फत मीठ मागतात. मला त्यांचा राग येतो, आणि शब्द मी मोडला म्हणून रागावताही येत नाही. दवाखान्यात मात्र गेले. शेळीला टाके घालताना धागा धरला, सुंदर!

२७ मे

चार दिवस उरले. फॉर्म अजून फोटोमागेच.

३० मे

अप्पांनी सही केली. पेनाला टोपण लावलं आणि मग सांगितलं. ते नऊ वर्षांचे असताना गावच्या पाटलाचा बैल मेला. आजोबांनी विष घातलं असा आळ घेऊन त्यांना चावडीच्या खांबाला बांधून मारलं. तिसऱ्या दिवशी आजोबा गेले. मला आजवर सांगितलं होतं, तापाने गेले.

"बैल कशानं मेला," अप्पा म्हणाले, "ते कुनी उघडून बगितलं न्हाई."