सॉकेट जुळलं, मशीन उठलं नाही

१३ मे २०१९, सोम.
चितेगावच्या कारखान्याचं कॉम्प्युटरचं मशीन दुरुस्तीला घेतलं. बोर्ड त्यांचाच, दोन वर्षांचा. प्रोसेसर नवा, आपल्या दुकानातला. पडताळा अप्पांच्या पद्धतीनं: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं खूण करायची. शाळेत घालण्याआधी अप्पांनी मला पाढेसुद्धा असेच तपासायला शिकवले. दुकानातल्या रफिकभाईंनी बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचा नंबर वाचला, मी खोक्यावर तोच बघून खूण केली. दोनदा.
"तीन बार करलो बेटा, निकाह पक्का हो जाता," रफिकभाई हसले.
चिठ्ठीवर 'जुळते' लिहून सही केली. प्रोसेसर त्यांनी बसवला.

१४ मे, मंगळ.
मशीन उठेना. पंखा फिरतो, पडदा काळा. रॅम बदलली, तेच. दुकानाचे मालक वसंतकाका भिंग घेऊन बसले. सॉकेटमधली पिन वाकडी दिसते म्हणाले. "लई नाजूक काम असतंय हे, रफिक. रोजा धरून हात थरथरला असंल." मला पिन सरळ वाटली. तरी काढलेली रॅम डब्यात भरायला घेतली.

१५ मे, बुध.
नळाला पाणी नाही, आज नववा दिवस. टँकरपाशी आईला हंडे भरू लागले, दुकानात उशीर. काका फोनवर चितेगावच्या साहेबांना सांगत होते, "व्हय, आमच्याच माणसाची चूक. काढतोच त्याला." रफिकभाई तिथंच स्क्रू निवडत होते. अठरा वर्षं आहेत इथं.
दुपारी त्या बोर्डवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी नेटवर उघडली. आपला त्यात नाही. तीनदा बघितलं. सॉकेट तेच, बसतोही नीट, पण ही नवी पिढी त्या बोर्डला चालतच नाही. नंबर आम्ही दोघांनी बरोबर वाचला. यादी मी बघायला हवी होती, 'जुळते'वर सही माझी.

१६ मे, गुरु.
रफिकभाईंना यादी दाखवली. म्हणाले, "चुप बैठ. तेरी अब्बी शुरुआत है. मेरेकू दुसरी दुकान मिल जाती." पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण काम देतं?
घरी अप्पांना सांगितलं. "दोघांनी वाचल्यावर चूक राहतच नाही. काकाच बरोबर असतील." पहिल्यांदाच अप्पांशी वाद घातला. जेवले नाही.

१७ मे, शुक्र.
सकाळी काकांसमोर यादी ठेवली. चष्मा लावून सगळी वाचली त्यांनी. मग म्हणाले, "रफिकनं काल रात्रीच कबूल केलंय, पिन त्याच्याच हातनं वाकली म्हणून. तू कशाला मधी पडतीस?"
"पण काका, ते खोटं आहे."
"मग त्याला इचार की, खोटं का बोलला."
रफिकभाई जुम्म्याच्या नमाजला गेले ते परत आले नाहीत. फोन बंद.
चितेगावच्या साहेबांचा नंबर दुकानातल्या भिंतीवर लिहिलेला आहे. मीच सांगायला हवं. काका नसताना केला तर चोरून केल्यासारखं होईल. असताना केला तर माझीही नोकरी जाईल, पण उद्या त्यांच्यासमोरच करते.