वाळुंजापाशी न कापलेला पट्टा

ड्रमारी, मेयो
९ फेब्रुवारी १९३६

ती. विनीआत्यास,
डिलियाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि हातमोजे मिळाले. हातमोजे बाबांनी पळवले. आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते; बाबांचा खोकला मात्र ठीक नाही. डॉक्टर म्हणाले, लढाईच्या दिवसांत ओल्या भुयारांत झोपलात, ती ओल आता छातीत उतरली. यंदा दलदलीतलं जळण, ती जळाऊ माती, कापणं त्यांना झेपणार नाही. म्हणून त्यांनी लष्करी पेन्शनसाठी अर्ज करायचं ठरवलंय. ती मिळाली नाही तर मला इंग्लंडला कामाला जावं लागेल, आणि मग त्यांच्यापाशी कोण राहील?

आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांशी लढताना आपण कुठे होतो, काय केलं, हे शपथेवर सांगायचं आणि तेव्हाच्या अधिकाऱ्याने त्याला दुजोरा द्यायचा, असा नियम आहे. बाबा सांगतात, मी लिहिते. झाडं पाडून रस्ते अडवले, तारा तोडल्या, निरोप पोचवले. बाबांचे तेव्हाचे कमांडंट रुएन आता दुकान चालवतात, त्यांना नेऊन दाखवलं. ते हसले. म्हणाले, रस्ते तर गावातल्या गाढवांनीही अडवले होते, त्यांचेही अर्ज आणतेस का? मग दुकानाचं दार लोटून हळूच म्हणाले, की एकवीस सालच्या मार्चातली एक रात्र आहे, तेवढीच धरली जाईल. 'खास कामगिरी' इतकंच लिही, सही मी करतो. घरी येऊन सांगितलं तर बाबांचा चेहरा उतरला. ते लिहायचं नाही म्हणाले. का, ते सांगेनात. मला हे असं अर्धवट ठेवलेलं सोसत नाही, तुला माहीतच आहे.

शेजारची सिबीकाकू तुझी फार आठवण काढते. ऑस्टिनसाठी यंदाचेही मोजे विणून झाले. त्याचा तपास करायला अमेरिकेतल्या आणखी एका पाद्रीबाबांना मी तिच्या वतीने पत्र टाकलं. निरोपही न घेता मुलगा गेला त्याला पंधरा वर्षं होतील. तू त्याला क्लेअरमॉरिस स्टेशनवर बॅग घेऊन गाडीत चढताना पाहिलंस, त्या एका वाक्यावर ती माउली जगतेय. तेव्हा तो काही बोलला होता का गं? काकू दर वेळी विचारते. नक्की कळव.

लोभ आहेच, तो तरी बाबांना पळवता येणार नाही.

तुझी,
डिलिया

डब्लिन
१६ फेब्रुवारी १९३६

चि. डिलियास,
अनेक आशीर्वाद.

उपासाच्या दिवसांत अंडं खावंसं वाटलं, एवढ्यासाठी सात वर्षांची तू पाद्रीबाबांपुढे रडली होतीस. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी तुला अक्षरं शिकवायचे, तेव्हा एक अक्षर वाकडं गेलं की तू सगळी पाटी पुसायचीस. अजून तशीच आहेस. अगं वेडे, पेन्शनचा अर्ज म्हणजे पापांची कबुली नव्हे. रुएन सही देतोय ना, मग घे. त्याने सांगितलं तेवढं लिही. माझ्या भावाला, अँथनीला, प्रश्न विचारून दमवू नकोस.

जळणाला गडी लावा, त्याचं मी बघेन. फक्त त्याला वाळुंजाच्या झुडपाकडच्या पट्ट्यावर जाऊ देऊ नका. तिथली माती वाईट आहे, जळत नाही. अँथनीने इतकी वर्षं ती सोडली आहे, ती सुटलेलीच बरी.

आणि सिबीची पत्रं लिहिणं आता थांबव. म्हातारपणी माणसाला आशेने दमवू नये. इकडे सर्व कुशल. यांनी ईस्टरसाठी मला टोपी आणली, ती घातली की मी चहाच्या किटलीसारखी दिसते.

आपला लोभ आहे तसाच असू दे. त्यात नवं काही कालवू नकोस.

तुझी,
विनीआत्या

ड्रमारी
८ मार्च १९३६

ती. विनीआत्यास,
सा. न. वि. वि.

अर्ज गेला. बाबांनी डोळे मिटून सही केली. सेंट पॅट्रिकचा सण झाला की जबानीसाठी कॅसलबारला बोलावलंय.

परवा सिबीकाकू गरम सोडाब्रेड घेऊन आली. म्हणाली, अँथनी इतकी वर्षं स्वतःच्या आधी माझं जळण कापून देतो, मग मी त्याच्यासाठी साक्षीला गेले तर काय बिघडलं? एकवीस सालच्या त्या दिवशी तो लढणाऱ्या पोरांबरोबर कामगिरीवर होता, हे ती शपथेवर सांगणार आहे. तिला तो दिवस पक्का आठवतो, कारण त्याच रात्री ऑस्टिन गेला. दुपारी बाबा तिच्याकडे फावडं मागायला आले होते, रस्त्यात चर खणायचाय म्हणून. ऑस्टिन बटाटे खात बसला होता. तो ताटावरून उठला, आणि त्यानेच फावडं माळ्यावरून काढून बाबांच्या हातात दिलं. काकू हसून म्हणाली, एवढा प्रामाणिक तुझा बाप, पण ते फावडं काही त्याने परत आणून दिलं नाही हो!

बाबा उठून गोठ्यात गेले, ते ती जाईपर्यंत आत आले नाहीत.

काकूने हे रुएनच्या दुकानातही सांगितलंय. काल रुएन घरी आले, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, थंडी फार आहे, म्हातारीला कॅसलबारला नेऊ नका. हेच फिरून फिरून सांगितलं. जाताना मला विचारलं, की दूध घेऊन डेअरीला तू एकटीच जातेस ना, चर्चमागच्या वाटेने?

तुझं पत्र आलं तेव्हाच मी दलदलीत जाऊन आले होते. आमच्या पट्ट्यात तिन्ही बाजूंनी कापत आणून बाबांनी वाळुंजापाशी एक चौकोन तसाच ठेवलाय, जेवायच्या टेबलाएवढा. कडेचं एक ढेकूळ घरी आणून चुलीपाशी वाळत ठेवलं, ते आज चुलीत घातलं. आत्या, ती माती चांगली जळते.

तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. म्हणून पुन्हा विचारते. ऑस्टिनला तू खरंच पाहिलंस का?

लोभ असावा, आणि उत्तरही असावं.

डिलिया

डब्लिन
११ मार्च १९३६

चि. डिलियास,
आशीर्वाद.

हे वाचून चुलीत टाक.

नाही पाहिलं. तुझा बाप तेव्हा जेवत नव्हता, झोपत नव्हता. हा कुठेतरी बोलून जाईल, अशी रुएनला धास्ती होती. बोलणाऱ्याचं काय करतात, ते अँथनीने नुकतंच पाहिलं होतं. सिबी तर दारोदार विचारत फिरत होती. तिचं फिरणं थांबलं तर माझा भाऊ वाचणार होता. रुएनने मला स्टेशन सुचवलं. बॅग माझी मी जोडली.

रुएन बदललेला नाही, एवढं लक्षात ठेव. सिबीला घराबाहेर पडू देऊ नकोस. बापाची पेन्शन घे आणि गप्प राहा.

लोभ ठेवशील का, हे विचारायचा धीर होत नाही.

विनी

ड्रमारी
१५ मार्च १९३६

ती. विनीआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चुलीत टाकलं नाही. बाबांना वाचून दाखवलं. ऐकून ते उठले. मग माळ्यावरून फावडं काढलं, पुसलं आणि सिबीकाकूकडे निघाले. मीही गेले.

त्यांनी सगळं सांगितलं. ऑस्टिनवर खबरी असल्याचा आळ होता. तो इंग्रजांच्या बराकीत अंडी विकायचा, एवढंच बाबांना माहीत होतं. गोळी बाबांनी झाडली नाही. वाळुंजापाशी खड्डा खणला तो त्यांनी. रुएनच्या हुकमावरून, ऑस्टिनची चौकशी सुरू व्हायच्या आधी, त्यानेच दिलेल्या फावड्याने.

काकू रडली नाही. तिने एवढंच विचारलं, की त्याच्या पायात मोजे होते का? बाबा म्हणाले, नाही, बुटांबरोबर तेही कुणीतरी काढून घेतले होते.

बाबांनी अर्ज मागे घेतला. मी इंग्लंडला जाईन, पण ते नंतर. रुएनना जाऊन सांगितलं तेव्हा ते साखर तोलत होते, तोलतच राहिले. म्हणाले, त्या रात्रीच्या जोरावर आणखी कितीतरी जण अर्ज करून बसलेत, आणि ते माझ्याइतके थंड डोक्याचे नाहीत. कालपासून डेअरीत आमचं दूध घेत नाहीत. आज चर्चमध्ये आमच्या बाकावर कोणी बसलं नाही. संध्याकाळपासून फाटकाशी दोघं जण उभे आहेत. बाबा त्यांना नावाने ओळखतात.

पुढचं काकू सांगते तसं लिहिते. अक्षर माझं आहे, शब्द तिचे.

विनीस, सिबी डर्कनचा नमस्कार.

दर नाताळात तुझ्या नावाने मेणबत्ती लावत आले. दिलेलं परत मागायची आमच्या घरात रीत नाही, तेव्हा त्या तुझ्याकडेच राहू देत. फावडं मात्र परत आलं.

गुरुवारी आम्ही वाळुंजापाशी जाणार. अँथनीच्या छातीत जोर नाही. डिलिया खणेल, मी हाताने माती सारेन. रुएन अडवायला येईल असं सगळे म्हणतात. येऊ दे. त्याला वाट दाखवावी लागणार नाही.

तू बुधवारच्या गाडीने ये. क्लेअरमॉरिस स्टेशनवर मी उभी असेन, तू त्याला पाहिलंस तिथेच. हातात बॅग असू दे. पंधरा वर्षं मी त्याला त्या गाडीत चढताना बघतेय; एकदा कोणीतरी उतरलेलं मला बघायचंय.

लोभ होता. आहे की नाही, ते तू उतरलीस की पाहू.

सिबी