पिल्लू ठेवायचं का, आप्पा?

आप्पा, आमच्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलंय, आणि मला पुन्हा तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

हट्ट यांचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून टिळकवाडीच्या या फ्लॅटमध्ये यांचा वेळ जात नाही. रस्त्यावरची पिल्लं उचलून सांभाळणारी एक बाई आहे, तिच्याकडून हे आणलं, आठवडाभर ठेवून बघायला. बाईनं बसून काय काय विचारलं! घरी कोण असतं, गावाला गेलात तर कुणाकडे ठेवाल, दहा-बारा वर्षं झेपेल का. मुलगी बघायला येणारी माणसंही एवढं विचारत नाहीत. यांच्याकडे सगळ्याची उत्तरं तयार. मग ती माझ्याकडे वळली. "घरातल्या दोघांनीबी व्हय म्हटलं तरच देणार. मॅडम, तुमची तयारी हाय न्हवं?" मी म्हटलं, रविवारी सांगते.

तयारी नव्हती, आणि कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. घाण, केस, चावलेल्या चपला, याचं मला काही नाही. मला आपली वडगावची कुत्री आठवत होती. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून तुम्ही विणायला बसलात की ती तुमच्या पायाशी येऊन निजायची. आम्ही पोरं मागाजवळ नुसती फिरकलो तरी "धागा तुटंल, व्हा बाजूला!" म्हणून खेकसायचात. तिची शेपूट मात्र पायानं दाबायच्या पावडीखाली चेंगरू नये म्हणून हातातला धोटा थांबवून तिला पायानं हळूच सरकवायचात. पोटच्या पोरीला दम आणि दारच्या कुत्रीला माया, असा तुमचा कारभार.

एक दिवस तर विसरूच शकत नाही. मी शाळेतून येतेय, चित्रकलेत पहिली आलेय, कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय. दारात पाऊल टाकते तोच आतून तुमचा आवाज येतो, इतका मऊ की तो तुमचाच यावर विश्वास बसत नाही. "आलीस व्हय गं बाय माझी? किती वाट बघायची?" माझं काळीज सुपाएवढं होतं. "आले की आप्पा!" म्हणत मी आत धावते, आणि माझ्या मागून आलेली कुत्री मला ओलांडून तुमच्या पायाशी जाऊन पडते. आई सुताच्या कांड्या भरत बसलेली. ती हसून हसून लोळते. "तुला न्हवं गं खुळे, तिला म्हणत्यात!" तुम्हीही हसलात. मीही हसले. आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि बक्षिसाचं कुणाला सांगितलंच नाही. त्या मुक्या जिवाचा तेव्हा जो हेवा वाटला, तो अजून जिरलेला नाही.

आणि आता हे. लग्नापासून "चहा झाला का" यापलीकडे ज्यांना बोलणं सुचलं नाही, ते सकाळी गॅलरीत पिल्लाशी गप्पा मारतात. "थंडी वाजली व्हय रं राजा?" राजा! मला ताप आला होता तेव्हा गोळी उशाशी ठेवून पेपर वाचत बसले होते. मी पोळ्या लाटता लाटता जळत होते. एक पोळी करपली, तिचा दोषही पिल्लाच्याच माथी मारला. शनिवारपर्यंत नाही म्हणायचं पक्कं झालं होतं.

रविवारी बाई आली. तिला दाखवायला यांनी मोठ्या लाडानं हाक मारली, "राजा, ये रं!" पिल्लू उठलं. त्यानं यांच्याकडे एकदा बघितलं, आणि तुरुतुरु चालत माझ्याकडे येऊन माझ्या साडीत तोंड खुपसून उभं राहिलं. यांचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं.

"मग काय ठरलं, मॅडम?"

"ऱ्हाऊ दे त्याला हितंच," मी म्हटलं.

यांना वाटतं, माझं मन वळलं. शेजाऱ्यांना सांगत सुटलेत, हिचा जीव जडलाय म्हणून. हे पत्र त्यांच्या हाती लागू देणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तयारी-बियारी माझी काही झालेली नाही, आप्पा. कुणीतरी आधी माझ्याकडे आलं, एवढंच.